जालन्याची नदी उडी का मारत नाही?

ऑगस्ट लागला, दोन चांगले पाऊस झाले, की जालन्यात शनिवारी संध्याकाळी घरोघरी एकच खल सुरू होतो: उद्या धबधबा बघायला कुठं जायचं? दोन-तीन घरं मिळून एक गाडी सांगतात, पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली जाते, आणि गाडीचं तोंड वळतं ते जिल्ह्याच्या बाहेर. बहुतेकदा राजूर, भोकरदन, सिल्लोड करत अजिंठ्याकडे.

जिल्ह्याबाहेर का जावं लागतं, हे मात्र गाडीत कुणी विचारत नाही. जालन्याला नद्यांचा तोटा नाही. पूर्णा आहे, गिरजा आहे, दुधना, केळना, कुंडलिका आहेत. डोंगरही आहेत. भोकरदन आणि जाफराबादच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग उभी आहे. तरी नाव घेऊन पाहुण्याला दाखवावा असा मोठा धबधबा जिल्ह्यात नाही. पाऊस कमी, हे त्याचं तयार उत्तर. ते अर्धंच खरं आहे, कारण वाघूर नदी ज्या माथ्यावर उगम पावते तिथंही काही कोकणासारखा पाऊस पडत नाही. तरीही ती अजिंठ्याच्या लेण्यांशेजारी सात टप्प्यांत उड्या घेत उतरते. प्रत्येक उडीखाली एक कुंड, म्हणून ते सातकुंड.

उत्तर हवं असेल तर रस्त्याकडेच बघावं. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे. तिथून सिल्लोडपर्यंत गाडी हळूहळू चढत असते, पण चढ जाणवत नाही. कापूस, मका, मोसंबीच्या बागा बाजूने सरकत राहतात. अजिंठा गाव मागे पडलं की मात्र अचानक घाट लागतो, आणि तो चढायचा नसतो, उतरायचा असतो. फर्दापूरपर्यंत गाडी खाली खालीच जाते. पुढे जळगाव आहे जेमतेम २०० मीटरवर. म्हणजे अजिंठ्याचा डोंगर खानदेशातून बघितला तर उभा कडा दिसतो आणि जालन्याकडून गेलं तर तो डोंगर आहे हेच लक्षात येत नाही. आपण त्याच्या पाठीवर राहतो.

हा माथा म्हणजे मोठा पाणलोट-दुभाजक. दक्षिणेकडे पडलेलं पाणी केळना, पूर्णा करत येलदरी धरणातून गोदावरीला मिळतं आणि हजाराहून जास्त किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात पोचतं. उत्तरेकडे पडलेलं पाणी वाघूरमधून तापीला जातं आणि चारशे-साडेचारशे किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठतं. उंची जवळपास तेवढीच उतरायची, वाट निम्म्याहून कमी. शिवाय तापीचं खोरं भूकवचाच्या एका जुन्या दुबळ्या पट्ट्यावर आहे. तिथं जमीन खचल्याने उतार आणखी तीव्र झाला. पूर्णेला घाई करायचं कारणच नाही. उडी मारायची तर पायाखाली कडा हवा, आणि कडे सगळे पलीकडच्या बाजूला गेले.

नुसता उतार मिळाल्याने मात्र धबधबा होत नाही. उतारावरून नदी खळाळत, घसरत खाली जाऊ शकते. ती उभी कोसळायला खडक एका विशिष्ट पद्धतीने रचलेला लागतो, आणि त्या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं भेगांमधून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक थर निवून घट्ट झाला आणि त्यावर पुढचा पसरला. मराठवाड्यात ज्यानं विहीर खणली आहे त्याला हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग कधी काळा पाषाण लागतो आणि सुरुंगाशिवाय हलत नाही, तर कधी मांजऱ्या लागतो, म्हणजे छिद्राछिद्रांचा, आत पांढऱ्या-हिरव्या खनिजांच्या गाठी असलेला, पहारीनं फुटणारा खडक. लाव्ह्यातले वायू वर येऊन अडकले त्यांची ती छिद्रं. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी लाल मातीही सापडते. एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात तयार झालेली ती माती, वरच्या लाव्ह्यानं भाजून काढलेली.

आता नदी हे थर कापत निघाली की काय होतं ते बघा. काळा पाषाण झिजत नाही, खालचा मांजऱ्या किंवा लाल थर भराभर झिजतो. वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो. पाणी त्याच्या कडेवरून सुटतं आणि थेट पायथ्याशी आदळतं. दहा मीटरवरून पडलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो, वीस मीटरवरून पडलेल्याचा ७०. त्यात वरून वाहत आलेले दगडगोटेही असतात. ते खाली गरगर फिरतात आणि तळ खरवडतात. असं दगडानं दगड कोरण्याचं काम बघायचं असेल तर पारनेर तालुक्यात निघोजला जावं. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे याच रीतीने झाले आहेत, आणि काहींच्या तळाशी ते गोल झालेले गोटे अजून सापडतात. धबधब्याखालचा डोह ही त्याच क्रियेची मोठी आवृत्ती.

डोह खोल होत जातो तशी मागची भिंतही आत आत खाल्ली जाते. छज्ज्याला खालून आधार उरत नाही. लाव्ह्याच्या या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, निवताना पडलेल्या उभ्या चिरा आधीपासून असतातच. एके दिवशी त्या चिरांवरून एक मोठी शिळा सुटते आणि खाली कोसळते. कडा पुन्हा सरळ उभा. धबधबा मात्र वाव-दोन वाव मागे, उगमाच्या दिशेनं सरकलेला. म्हणजे वाघूरची नाल-आकाराची घळ, जिच्या सुमारे ७५ मीटर उंच कड्यात अजिंठ्याची तीसेक लेणी खोदली आहेत, ती या मागे सरकण्यानं मागे राहिलेली वाट आहे. बौद्ध भिक्षूंना घडवलेला कडा नदीनं आयता दिला. उभ्या चिरांची किंमतही लेण्यांना मोजावी लागते: पावसाळ्यात त्यांतून झिरपणारं पाणी ही तिथल्या चित्रांच्या जतनातली जुनी डोकेदुखी आहे.

भिक्षूंची गोष्ट निघालीच आहे तर एक गंमत. लेण्यांमध्ये मुक्काम मुख्यतः वर्षावासाचा, म्हणजे धबधबा चालू असतानाचा. उलट मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने इथं आला तो २८ एप्रिल १८१९ रोजी. त्या तारखेला वाघूरमध्ये डबक्यांपलीकडे काय असणार? जगाला लेणी दाखवणाऱ्या माणसानं धबधबा पाहिला असण्याची शक्यता फार कमी.

आता डोहाकडे येऊ, कारण गाडीतल्या तरुण मंडळींचा खरा डोळा त्याच्यावर असतो. जालन्याचा माणूस पोहायला शिकतो तो विहिरीत. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून काका किंवा मामा ढकलून देतात आणि आठवड्यात पोरगं काठावरून मुटका मारू लागतं. विहिरीतला पट्टीचा पोहणारा डोहातही पोहेल, असं कुणालाही वाटेल. पण विहिरीचं पाणी स्थिर असतं आणि त्यात बुडबुडे नसतात, या दोन गोष्टी तो नकळत गृहीत धरतो.

धबधब्याखालचं पांढरं पाणी पांढरं दिसतं ते हवेमुळे. त्या फेसाळ भागात पाचवा हिस्सा हवा असेल, तर त्याची घनता साध्या पाण्याच्या ८० टक्केच उरते. माणसाचं शरीर पाण्याहून जेमतेम हलकं. फुप्फुसं भरलेली असली तरच ते तरंगतं. घनता ८० टक्क्यांवर आली की तेच शरीर खाली जातं, कितीही हात मारले तरी. हातांनाही पुरेसं पाणी सापडत नाही, मुठीत बरीचशी हवाच येते. पडणारं पाणी तळाशी जाऊन बाजूने वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडेच ओढलं जातं. त्या चक्रात सापडलेला ओंडका तासन्‌तास तिथंच गटांगळ्या खाताना दिसतो. अशा ओंडक्याकडे दोन मिनिटं टक लावून बघितलं तर पाण्यात उतरायची हौस बरीच ओसरते.

बाजूचं संथ, हिरवं पाणी मग सुरक्षित का? तिथं डोळा फसवतो. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून सरळ खाली बघितलं तर चार मीटर खोल तळ तीनच मीटरवर दिसतो. तिरकं बघितलं तर त्याहूनही वर. काठावरून उडी मारणाऱ्याची अडचण वेगळी. गढूळ पाण्यात परवाच्या पुरानं आणून टाकलेली शिळा दिसतच नाही. गेल्या वर्षी इथं खोल होतं, या अनुभवाला डोहात किंमत नाही, कारण तळ दर पुराबरोबर बदलतो.

सगळ्यात वाईट धोका मात्र डोहात नसतोच, तो वर माथ्यावर असतो. बेसाल्टचा उघडा माथा पाणी फारसं पीत नाही. दोन-पाच किलोमीटर मागे जोराची सर आली तर ते पाणी थोड्याच वेळात घळीत उतरतं, आणि खाली तेव्हा ऊन पडलेलं असू शकतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मध्यावर एकमेकांना धरून उभं असलेलं ते कुटुंब आणि काठावरची असहाय माणसं, ते चित्रीकरण बहुतेकांनी पाहिलेलं आहे. पाणी वाढण्याआधी खुणा मिळतात, पण फार वेळ मिळत नाही: निवळ पाणी एकदम तांबूस होतं, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी चपला न शोधता काठ गाठावा.

पाणी इतकं थंड का लागतं, हाही प्रश्न मुलं विचारतातच. हिशोबाने ते खाली येताना तापायला हवं. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाला उष्णता ही ऊर्जेचंच रूप आहे हे सिद्ध करायचं होतं, आणि १८४७ मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात तो आल्प्समधल्या एका धबधब्याचं वरचं आणि खालचं तापमान मोजायला तापमापक घेऊन गेला, असं त्याचा मित्र विल्यम थॉमसन सांगत असे. फवाऱ्यामुळे मोजणी जमली नाही. बायको काय म्हणाली ते इतिहासात नाही. फरक असतोही फार छोटा. अजिंठ्याच्या ७५ मीटरला एक पंचमांश अंशाहूनही कमी. उलट पडताना पाण्याचे तुषार होतात, त्यांतलं काही वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं. आपल्याला लागतो तो हा दुसरा परिणाम.

अजिंठ्याच्या धबधब्याचं हे यंत्र आणि सह्याद्रीतल्या आंबोलीच्या धबधब्याचं यंत्र बनावटीनं सारखंच, पण चालण्याच्या काळात जमीन-अस्मानाचा फरक. जालन्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आंबोलीत सात हजारांच्या घरात. दहापट पाऊस म्हणून दहापट दिवस पाणी, इतका सोपा हिशोब मात्र नाही. आंबोलीच्या सदाहरित रानात झाडांचे मजले एकावर एक असतात, थेंब जमिनीला लागण्याआधी तीनदा फुटतो, खाली कुजलेल्या पानांचा जाड थर त्याला धरून ठेवतो आणि आठवडे-महिने थोडं थोडं सोडतो. अजिंठ्याचं रान साग, सालई, पळसाचं, पानगळीचं. ते हिरवं असतं तेव्हाच पाऊसही असतो. पाऊस संपला की दोघंही आवरतं घेतात.

बारमाही कुंडात काय जगू शकतं याचं उदाहरण आंबोलीतच आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाजवळच्या कुंडात एक बोटभर मासा सापडला. तो जगाला नवा होता. २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नदीच्या नावावरून ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव पडलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सातकुंडात असा मासा तयार होणं अवघड, उन्हाळ्यात राहायचं कुठं?

कोरड्या मुलखातही खडकानं मनावर घेतलं तर पाणी टिकतं. मंठ्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्कापातानं बेसाल्टमध्ये पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर पाडलं. त्याच्या काठावर गोमुखाची धार आहे, गोड्या पाण्याची आणि बारमाही. आघातानं सगळा खडक भेगाळला, आसपासचं भूजल त्या भेगांतून विवराकडे वाहतं. खाली सरोवर खारं आणि वर काठाला गोडं पाणी, दोन्ही एका हाकेच्या अंतरावर. पावसाळा हुकला असेल तर रविवारची गाडी तिकडे न्यायला हरकत नाही.

अजिंठ्यालाच जायचं तर सोमवार टाळावा, लेणी बंद असतात. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी ठेवून पुढं बसनं जावं लागतं. धबधब्यासाठी मात्र लेणापूरच्या बाजूनं माथ्यावरच्या व्ह्यू पॉइंटला जाणं उत्तम: तिथून सगळी नाल एका नजरेत येते आणि कठीण-मऊ थरांच्या आडव्या रेघा कड्यावर मोजता येतात. चांगल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत जावं, उशीर केला तर धारेचा दोर झालेला असतो.

तिथं उभं राहून दक्षिणेकडे, आपण आलो त्या बाजूला बघितलं तर माथा सपाट पसरलेला दिसतो. वाघूर तो मागे मागे खात चालली आहे. उत्तरेच्या नद्यांना उतार जास्त, म्हणून दुभाजक दक्षिणेकडे ढकलला जातो आणि केळनेसारख्या नद्यांचे उगम त्याच माथ्यावर आहेत. नायगरा बारा हजार वर्षांत अकरा किलोमीटर मागे गेला. बेसाल्ट कठीण आणि आपली नदी वर्षातले थोडेच दिवस कामावर, म्हणून इथं लाखो वर्षं लागतील. पण दिशा तीच राहिली तर कधीतरी हा कडा पूर्णेच्या एखाद्या ओढ्याला गाठेल आणि त्याचं पाणी उत्तरेला वळवेल. भूगोलात याला नदीचौर्य असंच नाव आहे. जालन्याकडे येणाऱ्या पाण्याला तेव्हा अखेर उडी मारायला मिळेल, फक्त ते पाणी गोदावरीचं न राहता तापीचं झालेलं असेल, आणि लवादापुढे मराठवाड्यानं खानदेशाविरुद्ध दावा लावलेला असेल.