झोन एक टाळून

सकाळी ६.१५
पुण्यात पावणेअकरा झालेले असतात, तेव्हा सौ.चा फोन येतो. कालचा हिशेब ऐकून ती म्हणते, "अहो, दोनशे रुपयांसाठी गावभर कशाला पायपीट करता?" तिचं चूक नाही. पण निवृत्तीनंतर स्वतःच्या खर्चाने लंडनला येऊन जुनी कागदपत्रं वाचायची हौस मला आहे. इथे प्रवासात वाचलेल्या प्रत्येक पौंडाने मुक्काम थोडा लांबतो.

सकाळी ७.४५
वेम्बली हाय रोडवरून १८ नंबरची बस थेट युस्टनला जाते. भाडं पावणेदोन पौंड, मग दोन थांबे जा नाहीतर शेवटपर्यंत. गर्दीच्या वेळचा जादा आकार बसला नाहीच. रोख पैसे २०१४ पासून बंद आहेत, त्यामुळे ड्रायव्हरशेजारच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, 'बीप' ऐकायचं आणि वर जायचं. रेल्वेने अर्ध्या तासात होणाऱ्या प्रवासाला सव्वा तास तरी लागतो. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर माझी तक्रार नसते. काल उतरवून घेतलेलं तिथेच वाचून होतं.

आपल्याकडून येणाऱ्यांना एक सांगतो. आपली बँकेची कार्डंही इथे चालतात, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे परदेशातला वापर आणि 'टॅप' करण्याची सोय आपल्याला चालू करून घ्यावी लागते. ते निघण्यापूर्वी घरीच करा. आणि एकच कार्ड शेवटपर्यंत वापरा. दिवसाच्या भाड्याला इथे कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की पुढचे पैसे कापले जात नाहीत. मात्र सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी कार्ड, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात, म्हणून गुरुवारी उतरणाऱ्याच्या पदरात तिचा फायदा फारसा पडत नाही.

सकाळी ९.३०
ब्रिटिश लायब्ररी. इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर आता इथे आहे. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. वाचनकक्षात काय झालं ते इथे नको, तो वेगळ्या लेखाचा विषय.

दुपारी १.०५
चष्म्याची दांडी निखळली होती. ७३ नंबरच्या बसने टॉटनहॅम कोर्ट रोडला गेलो. दुकानदाराने स्क्रू बसवून दिला. परत बसमध्ये चढलो तेव्हा घड्याळात १.५८. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा भाडं पडत नाही. मोजणी चढण्याची होते, उतरण्याची नाही. म्हणजे एकोणसाठाव्या मिनिटाला चढलात आणि पुढे पाऊण तास बसून राहिलात तरी चालतं. येणं-जाणं एका भाड्यात झालं. शेजारी रसेल स्क्वेअरला जायचं असेल तर मी बसही धरत नाही. भुयारी रेल्वेच्या नकाशात अंतरं खरी नसतात. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं जमिनीवर जेमतेम तीनशे मीटरवर आहेत, आणि तेवढ्यासाठी जिने उतरून पैसे भरणारे पाहुणे रोज दिसतात.

संध्याकाळी ५.००
वाचनकक्ष बंद. खरी मेख इथे आहे. चार ते सात ही गर्दीची वेळ, आणि रेल्वेने भाड्याच्या मध्यवर्ती पट्ट्यातून, म्हणजे झोन एकमधून, बाहेर जाणाऱ्याला तेव्हा महाग पडतं. उलट्या दिशेने, बाहेरून झोन एकमध्ये येणाऱ्याला याच वेळी स्वस्त भाडं लागतं. लंडनमध्ये अंतरापेक्षा घड्याळ आणि दिशा जास्त महाग, हे ज्याला उमगलं त्याला सवलतीची कूपनं शोधावी लागत नाहीत.

मग मी चालतो. किंग्ज क्रॉसच्या मागून रीजंट्स कालव्याच्या काठाने कॅम्डेन, तिथून चॉक फार्म, आणि मग १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत बाबासाहेब या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. आत जाण्याची वेळ टळून गेलेली होती. निळी पाटी वाचून पुढे निघालो. आत जायला एक दुपार राखून ठेवली आहे.

संध्याकाळी ७.०५
साउथ हॅम्पस्टेड स्टेशन, झोन दोन. इथून ओव्हरग्राउंडची गाडी थेट वेम्बली सेंट्रलला जाते, झोन एकला न शिवता. सात वाजून गेलेले. त्यात माझ्या ऑयस्टर कार्डावर, म्हणजे इथल्या प्रवासासाठी आधी पैसे भरून ठेवायच्या कार्डावर, सीनियर रेलकार्डाची सवलत चढवलेली आहे. साठी उलटलेल्या परदेशी पाहुण्यालाही पासपोर्ट दाखवून रेलकार्ड मिळतं, आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरचा कर्मचारी ऑयस्टर यंत्रावर टेकवून दोन मिनिटांत ते जोडून देतो. मग गर्दीची वेळ सोडून एकतृतीयांश भाडं कमी. पाच वाजता युस्टनला गाडीत बसलो असतो तर जे गेलं असतं, त्याच्या निम्म्याहून कमी गेलं. ही सोय साध्या बँक कार्डावर मिळत नाही, आणि बसलाही लागू नाही.

रात्री ९.३०
मुगाची खिचडी. मग परतीच्या दिवसाचा विचार. हीथ्रोहून पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत पोचवणारी एक्स्प्रेस गाडी माझ्या कामाची नाही. जवळच्या अल्परटनहून पिकॅडिली लाइनने, अ‍ॅक्टन टाउनला गाडी बदलून, विमानतळावर जाता येतं, तेही झोन एक टाळून. भाडं नगण्य. पण अल्परटनला लिफ्ट नाही, बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या दोन, आणि गुडघे माझे. भाचा म्हणाला, "मामा, मी येतो उचलायला." त्याला कामाच्या दिवशी रजा काढायला लावून वाचवलेले पैसे कसले? मिनीकॅबच्या ऑफिसात फोन करून पहाटे साडेपाचची गाडी सांगितली आणि भाडं आधीच ठरवून घेतलं.