वेगवान मोटारीचा सातबारा

देऊळगावराजा, सिंदखेडराजा, मेहकर आणि लोणार या तालुक्यांच्या काळ्या रानांतून समृद्धी महामार्गाचा सिमेंटचा पट्टा पसरला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला, तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यातील बऱ्याच सुस्थित तरुणांच्या मनात एका नव्या अभिलाषेने घर केलेले दिसते. ताशी १२० किलोमीटर वेगाने कायद्याची पायमल्ली न करता जाता येईल असा रस्ता गावाजवळून जावा आणि दाराशी मात्र भाजीबाजारापुरती मोटार उभी असावी, ही विसंगती त्यांना जाचू लागली आहे. आणि पुण्या-मुंबईच्या धनिकांनी पंधरा-वीस वर्षे वापरून सोडलेली दोन दारांची ऑडी टीटी, छप्पर उघडणारी मर्सिडीज एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड फोर कधी कधी एखाद्या नव्या साध्या मोटारीच्या भावात मिळते, हे एकदा कानी पडले की मग त्या तरुणास रात्री झोप लागत नाही.

हा मोह अनुचित आहे असे मला मुळीच वाटत नाही. सुंदर यंत्र हाती असावे ही इच्छा पुरातन आहे, आणि ज्या प्रांतात शर्यतीच्या बैलजोडीवर माणसे मुलांइतके प्रेम करीत आली, तेथे तिचे समर्थन करण्याची गरजही नसावी. परंतु बुलढाणा, चिखली किंवा खामगाव येथे राहणाऱ्या माणसाने अशा मोटारीची किंमत विचारण्याआधी एक चौकशी अवश्य करावी, ती अशी की, ही गाडी बंद पडली तर तिच्यावर जाणतेपणाने हात टाकणारा मिस्त्री येथून किती अंतरावर आहे. मुंबईच्या माणसास हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या शहरात सर्व कंपन्यांची वर्कशॉपे असतात. आपल्याकडे मात्र ट्रकवर चढवून दीडशे किंवा तीनशे किलोमीटर नेण्याचे भाडे प्रत्येक बिघाडाच्या शिरावर चढते, आणि स्वस्तात मिळालेली मोटार दोन-तीन अशा वाऱ्यांत महाग होऊन बसते. गाडी जुनी झाली म्हणून तिचा भाव उतरतो. तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही. छप्पर आपोआप मिटणाऱ्या मोटारीचा तेलदाबावर चालणारा पंप नादुरुस्त झाला, तर तो वीस वर्षांपूर्वी ज्या श्रीमंतास परवडत होता त्यालाच परवडेल अशा किमतीचा असतो.

या दृष्टीने पाहिले असता आपल्या पंचक्रोशीस एक अनुकूलता आहे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा कंपनीच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या, आणि याच कंपनीने २००४ साली ऑक्टाव्हियाची व्हीआरएस नावाची आवृत्ती भारतात आणली. दिसण्यात चार दारांची सभ्य कौटुंबिक मोटार, परंतु आत १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती, असे तिचे दुहेरी व्यक्तिमत्त्व होते. आजही तिचे चाहते तिला जपून आहेत. ज्या शहराच्या वेशीवर कारखाना असतो, तेथे त्या कंपनीच्या यंत्रांचा सराव असलेला मिस्त्री आणि सुटा भाग सापडण्याची शक्यता साहजिकच अधिक. मला विचाराल तर, पहिल्याच वेळी जुनी वेगवान मोटार घेणाऱ्या बुलढाणेकराने दोन दारांच्या परदेशी रूपवतीपेक्षा या घरंदाज गाडीचा विचार आधी करावा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पॅलिओ १.६ किंवा रांजणगावची पुंटो अबार्थ ह्याही त्याच पंक्तीतल्या होत. मात्र फियाटने या देशातील मोटारविक्री आवरती घेतल्यामुळे तिचे भाग मिळवणे हा आता एक स्वतंत्र व्यासंग झाला आहे.

व्हीआरएसचेच उदाहरण घेऊन परीक्षा कशी करावी ते पाहू. मोटार पाहण्यास जाताना विक्रेत्यास आधीच बजावून ठेवावे की इंजिन गरम करून ठेवू नका. रात्रभर थंड पडलेले इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू होताना जेवढे खरे बोलते तेवढे ते दिवसभरात पुन्हा बोलत नाही. धुराड्यातून निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर थंडीच्या दिवसांत क्षणभर दिसणे स्वाभाविक, परंतु तो रेंगाळत राहिला तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरात उतरत असल्याची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारा आणि आत अधिक हवा कोंबणारा पंखा; त्याची फिरत दर मिनिटास लाखाच्या घरात जाते आणि तो तरतो केवळ ऑइलच्या एका पातळ थरावर. जोरात पळवून आणलेली गाडी थांबताक्षणी बंद करण्याची सवय आधीच्या मालकास असेल, तर ते ऑइल टर्बोतच करपून त्याचा कोळसा झालेला असतो. म्हणून गाडी पाच मिनिटे उभी चालू ठेवून मग एकदम पॅडल दाबून पाहावे, आणि मागे निळा ढग उठला तर भाव निम्म्यावर आणावा किंवा सरळ नमस्कार करून घरी यावे.

या इंजिनाचा दुसरा नाजूक भाग म्हणजे टायमिंग बेल्ट. खालच्या क्रँकची आणि वरच्या व्हॉल्व्हांची चाल एकमेकींशी बांधून ठेवणारा हा रबरी पट्टा ठराविक किलोमीटरांनंतर, आणि गाडी फारशी पळाली नसली तरी ठराविक वर्षांनंतर, बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर वर येणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात व इंजिनाचे डोके निकामी होते. ‘गाडी फक्त ४० हजार किलोमीटर चालली आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्यास म्हणूनच विचारावे की बेल्ट कोणत्या साली बदलला, आणि त्याचे बिल दाखवा. तोंडी हवाल्यावर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसची बिले सलग असलेली एक लाख किलोमीटरची मोटार ही बिले नसलेल्या चाळीस हजारांच्या मोटारीपेक्षा मला केव्हाही अधिक पसंत पडेल. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, परंतु घासून गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि झिजलेले ब्रेक पॅडलचे रबर सहसा खोटे बोलत नाही.

यानंतर गाडी राजूर घाटात न्यावी. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना ब्रेक थरथरतात का, स्टिअरिंग एका बाजूस ओढते का हे कळते, आणि परत चढताना, विशेषतः एप्रिल-मेच्या दुपारी, तापमानाचा काटा मध्यावरून हलतो का हे दिसते. युरोपच्या हवेसाठी घडलेल्या मोटारीतील रबरी नळ्या आणि प्लॅस्टिकचे सांधे मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात वीस वर्षांनी ठिसूळ झालेले असणे क्रमप्राप्तच आहे. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्या काळच्या मोटारींचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या बदलण्याचा खर्च सौद्याच्या हिशोबातच धरून ठेवावा.

टायरांकडे तर गिऱ्हाईक बहुधा पाहतच नाही. नक्षी खोल दिसली की त्याचे समाधान होते. वास्तविक टायरच्या कडेवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असे लिहिले असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दिवाणखान्यासारखी जपलेली, क्वचितच बाहेर काढलेली मोटार पाहावी आणि तिची टायरे नक्षीने नवीन पण वयाने दहा वर्षांची निघावीत, हे या प्रकारात नित्याचे आहे. असे रबर वरून काळेभोर दिसते आणि आतून तडकलेले असते. उन्हाने तापलेल्या सिमेंटवर तासन्तास एकाच वेगाने धावताना अशा टायराचे काय होते, याचा अनुभव समृद्धी महामार्गाने पुरेसा दिला आहे. झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवून तपासण्याची पाळी परिवहन खात्यावर आली ती उगाच नव्हे. चार नव्या टायरांचा खर्च धरूनच भाव ठरवावा.

यंत्राची परीक्षा येथवर झाली. परंतु माझ्या मते अधिक माणसे फसतात ती कागदांत. वऱ्हाडातील शेतकरी एकरभर जमीन घेताना तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढतो, फेरफार पाहतो, कोणत्या बँकेचा बोजा चढला आहे याची खातरजमा करतो. आणि त्याचाच पदवीधर मुलगा पाच-सात लाखांची मोटार एका नोटरीच्या करारनाम्यावर घरी घेऊन येतो. मोटारीचा सातबारा म्हणजे तिचे नोंदणी प्रमाणपत्र, आणि ते शासनाच्या वाहन प्रणालीवर क्रमांक टाकताच पडताळता येते. मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा आहे काय, विमा चालू आहे काय, दंडाच्या चलनांची थकबाकी किती, हे सर्व तेथे दिसते. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक मात्र स्वतः वाकून, चिंधीने पुसून, अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. ही रुजुवात म्हणजे अकारण संशय असे कोणी समजू नये. भारतीय बनावटीची पहिली सुपरकार म्हणून गाजावाजा झालेल्या डीसी अवंतीच्या प्रकरणात एकाच इंजिन व चासी क्रमांकावर एकाहून अधिक राज्यांत नोंदण्या करून कर्जे उचलल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ठेवला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीच्या संस्थापकास अटकही झाली. ती मोटार हौसेने दुसऱ्या हाताने घेणाऱ्यावर काय प्रसंग ओढवू शकतो याची कल्पना करावी.

दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या आहेत. त्या घेण्यास प्रत्यवाय नाही, परंतु मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला हाती पडल्याखेरीज इसार देऊ नये. परराज्यातील मोटार बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवावयाची तर एमएच २८ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो, हे विक्रेता बहुधा सांगत नाही. मुंबई-चेन्नईची गाडी असेल तर पुराची शंका घ्यावी. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. पाण्यात बुडालेल्या गाडीत त्याच्या कधीही न उलगडणाऱ्या टोकाशी गाळाची मळकट रेघ राहिलेली असते, आणि ती धुण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

पंधरा वर्षांचा प्रश्न उरतोच. खासगी मोटारीची नोंदणी तेवढ्याच मुदतीची असते. पुढे गाडी कार्यालयात तपासणीस नेऊन, शुल्क आणि पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या उद्योजकांनी एकजुटीने सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या, त्याची वार्ता तेव्हा देशभर झाली होती. त्या मोटारींची ही मुदत २०२५ मध्ये भरली, आणि आता त्या बाजारात आकर्षक भावाने दिसल्या तर ते केवळ मालकाचे औदार्य समजू नये. नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यावे, असा आग्रह धरणे चांगले.

सौदा ठरल्यावर नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी व्हाव्यात, कर्ज फिटलेले असल्यास बँकेचा नमुना ३५ सोबत असावा, आणि आपली जुनी गाडी विकतानाही हीच दक्षता घ्यावी. सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. २००७ साली विकलेली मोटार हातोहात फिरत राहिली, नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. २०१८ च्या फेब्रुवारीत निकाल लागला तो असा की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीस कळवावे. आधीच्या मालकाने दावा न केल्याबद्दल मिळवलेली विमाहप्त्यातील सवलत ही त्या माणसाची असते, गाडीची नव्हे, आणि ती त्याच्याबरोबरच जाते. तेव्हा तिच्या नावाखाली विक्रेता पाच-दहा हजार अधिक मागत असेल तर ते देण्याचे कारण नाही. किमतीचा एक हिस्सा, मग तो दहावा का असेना, प्रमाणपत्र आपल्या नावाने टपालातून घरी येईपर्यंत हातचा राखून ठेवावा, आणि विक्रेत्यास ही अट मान्य नसेल तर तेथूनच परतीची एसटी धरावी.