इंजिन ऑइल कधी बदलावे?

इंजिनातील घर्षण कमी करणारे, उष्णता वाहून नेणारे आणि काजळी स्वतःत धरून ठेवणारे तेल वापराबरोबर निकस होत जाते, कारण गंज व आम्ल रोखण्यासाठी त्यात मिसळलेली पूरक रसायने हळूहळू संपतात. भारतातील अनेक पेट्रोल मोटारींसाठी उत्पादक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी मुदत देतात. मात्र रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नसल्याने तेलात उतरलेले पेट्रोल व पाण्याचा अंश उडून जात नाही, म्हणून अशा गाडीच्या बाबतीत वर्षाची अट अधिकच कसोशीने पाळावी. केवळ काळा रंग हा तेल बिघडल्याचा पुरावा नव्हे. मधल्या काळात डिपस्टिक या मोजपट्टीने पातळी तपासत राहावी.