वरकस, राब आणि कार्बन : कर्जत–खालापूरच्या जंगलासाठी एक आखणी

झाडाच्या सुक्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो. झाड तुटले, जळले किंवा कुजले की तो हवेत जातो आणि एक टन कार्बनचा ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. एका हेक्टरात ५० टन कार्बन साठलेला असेल आणि ते हेक्टर उघडे पडले, तर सुमारे १८३ टन वायू वातावरणात मिसळतो. तो झाडात आणि मातीतच राखावा आणि राखणाऱ्यांना त्याचा मोबदला मिळावा, ही कल्पना पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या देशांनी २००५ मध्ये माँट्रियलच्या हवामान परिषदेत मांडली. पुढे बाली (२००७), कॅन्कुन (२०१०) आणि वॉर्सा (२०१३) येथील परिषदांत तिला नियम व अटींची चौकट मिळाली. ‘रेड प्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भारताने आपले रेड प्लस धोरण २०१८ मध्ये जाहीर केले. मात्र दिल्लीतले धोरण आणि डोंगरावरची वाडी यांच्यामध्ये एखादा आटोपशीर प्रदेश लागतो. तो इतका मोठा हवा की एका गावात थांबलेली तोड शेजारच्या गावात गेली तरी हिशेबात यावी आणि इतका लहान हवा की माणसे एकमेकांना ओळखत असावीत. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके असा प्रदेश होऊ शकतात.

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचे लोधिवली हे गाव या प्रदेशाच्या उंबरठ्यावर आहे. उत्तरेला इर्शाळगड आणि माथेरानची रांग, दक्षिणेला पातालगंगा, पलीकडे रसायनीचे कारखाने आणि माणिकगड. पूर्वेला बोरघाटाची भिंत, तिच्या पायथ्याशी खोपोलीचे १९१५ सालचे वीजकेंद्र. ईशान्येला खांडसच्या वर भीमाशंकर अभयारण्य. उतारांवरचे जंगल पानझडी आहे. साग, ऐन, किंजळ, धावडा, कुंभा आणि हेद ही त्यातली मुख्य झाडे. माथेरानच्या पठारावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांची हिरवी छाया बारमाही टिकते. माथेरान आणि भोवतालचा प्रदेश २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणजे कायद्याचे एक कुंपण आधीच घातलेले आहे. तरीही डोंगर उघडे पडत असतील, तर त्याची कारणे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शोधावी लागतात.

यातले सर्वांत जुने कारण राब. भाताची रोपे टाकायच्या जागेवर ऐन-किंजळाच्या वाळलेल्या फांद्या, पातेरा, शेण आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून, पावसाआधी ते भाजतात. त्याने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. फांद्यांची तोड हिवाळ्यात होते. दरवर्षी छाटलेला ऐन मरत नाही, पण खांबासारखा उभा राहतो. तो जाडी धरत नाही, फुलाफळाला क्वचितच येतो आणि त्याच्या खाली नवे रोप उगवत नाही. याला जंगलतोड म्हणता येत नाही, हे जंगलाचे खंगणे आहे. हा वाद आजचा नाही. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला, तेव्हाही राब हाच मोठा तंटा होता. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून तो मिटला नाही. उरणजवळच्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर झालेला गोळीबार याच जिल्ह्याच्या आठवणीत आहे. नवी योजना हा इतिहास विसरली, तर ती पहिल्याच पावसाळ्यात लोकांना परकी होईल.

राबासाठी सरकारी जंगलावर भार पडू नये म्हणून कोकणच्या जुन्या शेतीत एक सोय होती : वरकस जमीन. भातखाचरांच्या वरच्या उतारावर नाचणी-वरी पिकवायची आणि गवत, फांद्या, सरपण तिथूनच आणायचे. आज विकली जाते ती प्रामुख्याने हीच जमीन आणि हे दुसरे कारण. कर्जत आणि खालापुरात फार्महाऊस, रिसॉर्ट, बंगल्यांचे प्लॉट यांची मागणी मुंबई-पुण्याहून येते. पनवेलजवळचा विमानतळ आणि पनवेल–कर्जत रेल्वेमार्ग यांनी ती आणखी वाढवली आहे. वरकसाला तारेचे कुंपण पडले की तिथली झाडे जातात, हे पहिले नुकसान. दुसरे नुकसान दिसत नाही : ज्या घरांचा राब आणि सरपण तिथून येत होते, त्या घरांतली माणसे कोयता घेऊन वरच्या राखीव जंगलात जातात. कार्बनच्या हिशेबात याला ‘गळती’ म्हणतात. म्हणून केवळ वनखात्याच्या हद्दीतली झाडे मोजणारी योजना या भागात फसेल. १९६४ चा वृक्षतोड कायदा आणि १९७५ चा खासगी वने संपादन कायदा या दोन्हींची अंमलबजावणी महसूल आणि वन या दोन खात्यांनी एकत्र बसून केली पाहिजे आणि बिनशेतीची परवानगी देताना त्या उतारावर कोणाचा राब अवलंबून आहे, हे विचारले गेले पाहिजे.

तिसरे कारण वणवा. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते आणि होळीच्या सुमारास डोंगर पेटू लागतात. मोठी झाडे बहुधा वाचतात. पहिली-दुसरी पालवी धरलेली रोपे जातात. दहा वर्षे वणवा लागला तर दहा वर्षांची पिढीच नाहीशी होते. वृक्षारोपणाचे खड्डे खणण्यापेक्षा एका डोंगराला पाच वर्षे आग न लागू देणे अधिक फलदायी आहे, कारण ऐन आणि साग यांची खोडे जिवंत असतात आणि ती स्वतःच फुटतात. आजही अनेक योजनांचे यश लावलेल्या रोपांच्या आकड्यावर ठरते. ही मोजपट्टी चुकीची आहे.

मग मोजायचे काय? डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहचित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. एक हेक्टराहून मोठे आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेले कोणतेही क्षेत्र त्यात धरले जाते, मग तिथे आमराई असो, साग असो की बंगल्यांभोवतीची झाडी. ४० ते ७० टक्के छत्राचे जंगल मध्यम दाट गणले जाते. ते ४१ टक्क्यांपर्यंत खंगले तरी वर्ग बदलत नाही. पावसाळा संपताना घेतलेल्या चित्रात छाटलेला ऐनही हिरवा दिसतो. म्हणून उपग्रहाच्या जोडीला जमिनीवरचे मोजमाप हवेच. साधारण ३१.६ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे एक दशांश हेक्टर, आखून त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर टेपने घ्यायचा, पडलेल्या लाकडाचे आणि पातेऱ्याचे वजन करायचे, मातीचे नमुने काढायचे. वाडीतले दहावी-बारावी झालेले मुलगे-मुली हे काम शिकू शकतात. दरवर्षी त्याच चौरसात तेच हात मोजत असतील, तर आकडा विश्वासाचा होतो आणि जंगल कुणाचे, हा प्रश्नही सुटायला लागतो.

त्या प्रश्नाचे उत्तर कार्बनच्या आधी द्यावे लागेल. या डोंगरांत ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. या समाजाचे नावच खैराच्या कातावरून पडले. कोळसा पाडण्याच्या मजुरीत त्यांच्या पिढ्या खपल्या. जुन्या कुलाबा जिल्ह्यात त्यांना जंगलात नाचणी-वरीसाठी ‘दळी’चे पट्टे मिळाले होते. मात्र ती कसणूक होती, मालकी नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक हक्कासोबत सामूहिक वनसंपत्तीवर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे बळ इथल्या वाडीला मिळत नाही. वनहक्क कायदा मात्र सर्वत्र लागू आहे. दळीचे आणि सामूहिक हक्काचे दावे निकाली निघाल्याशिवाय कार्बनचा करार करणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातील धान्य विकण्यासारखे आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि त्याच्या बळावर गावाने स्वतः बांबू विकला. मेघालयातील खासी डोंगरांत पारंपरिक ‘हिमा’ संस्थांनी एकत्र येऊन देशातला पहिला सामुदायिक रेड प्लस प्रकल्प उभा केला. दोन्ही ठिकाणी आधी हक्क आणि संघटन होते, पैसा मागाहून आला.

राबाला पर्याय दिल्याशिवाय झाड वाचणार नाही आणि तो पर्याय बाहेरून आणायची गरज नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख आणि खाचराला गिरिपुष्पाचा पाला देतात. बांधावर गिरिपुष्प वाढवले की पाला आणि थोडे सरपण दोन्ही मिळते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या पद्धतीत गादीवाफ्यावर भात टोकतात. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. या पद्धतीत तणनाशक लागते आणि ओढ्याकाठच्या वाड्यांत त्याचा वापर जपून व्हायला हवा. भात संशोधनाचे केंद्र कर्जतलाच आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी, भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि वनरक्षकांनी एका शिवारात एकत्र उभे राहावे, हे या योजनेचे पहिले काम असावे.

पैशाचे काय? कार्बनच्या जागतिक बाजारातील भाव चढतात-पडतात आणि मोजणी, तपासणी, नोंदणी यांचा खर्च लहान प्रदेशाला जड जातो. प्रतिपूरक वनीकरणाचा निधी जंगल वळते झाल्यानंतर जमा होतो. तो भरपाईचा पैसा आहे, राखणीचा नाही. जवळचा आणि भरवशाचा स्रोत पाणी आहे. चौकजवळचे मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेचे आहे आणि माथेरान–इर्शाळगडाच्या उतारांवरचे पाणी त्यात उतरते. हिमाचल प्रदेशातील पालमपूरच्या नगर परिषदेने आपल्या झऱ्याच्या वरचे जंगल राखणाऱ्या बोहल गावाशी २०१० मध्ये मोबदल्याचा करार केला. नवी मुंबईच्या पाणीपट्टीतील लहानसा हिस्सा असाच वरच्या वाड्यांच्या ग्रामसभांना, थेट त्यांच्या खात्यात, वणवा न लागलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळावा. कार्बनचे पैसे आले तर ते त्यावर भर म्हणून घ्यावेत.

इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. अतिवृष्टी आणि तीव्र उतार ही तिची उघड कारणे होती. जंगलतोडीने हे घडले, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण या डोंगरात टनांचा हिशेब मांडणाऱ्याने उतार, माती आणि त्यावर राहणारी माणसे एकाच वहीत लिहायला हवीत. धोक्याच्या वाड्यांचे पुनर्वसन झाले तरी जंगलावरचा त्यांचा हक्क त्यांच्यासोबत गेला पाहिजे. नाही तर डोंगर राखणारेच त्यातून वजा होतील.

काम सुरू करायला कराराची वाट पाहण्याची गरज नाही. वणवा रोखणाऱ्या जाळरेषा काढायच्या त्या गवत वाळू लागताच, आणि कर्जत–खालापुरात गवत दिवाळी सरताच वाळू लागते.