छातीतली जळजळ आणि कपाटातले कागद

सायंकाळची जलद लोकल डोंबिवलीला रिकामी होते, तेव्हा बहुतेकांच्या घड्याळात साडेआठ-नऊ वाजलेले असतात. रिक्षाची रांग, भाजी, हातपाय धुणे हे सारे आटोपून पान वाढले जाईपर्यंत दहा होतात आणि सकाळची गाडी गाठायची म्हणून अकराच्या आत अंथरूण धरले जाते. मध्यरात्रीनंतर कधीतरी छातीच्या मध्यभागी जाळ उठतो, घशाशी आंबट पाणी येते. सकाळी स्थानकाजवळच्या औषधाच्या दुकानातून दुकानदाराच्याच सल्ल्याने एक कॅप्सूल घेतली जाते, आणि पुढे ती कित्येक वर्षे सुटत नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी घरे असंख्य आहेत. कोणी कापडाच्या पेढीवर मुनीम, कोणी खासगी कचेरीत कारकून, कोणाचे स्वतःचे लहानसे दुकान. आरोग्यविमा मालकाने काढलेला नाही आणि पन्नाशीनंतर स्वतः काढावा तर हप्ता झेपत नाही. म्हणून डॉक्टरकडे जाणेच टाळले जाते. वास्तविक या विकारावरचे बरेचसे उपाय बिनपैशाचे आहेत. ज्या थोड्यांना तपासणीची खरोखर गरज असते, त्यांनी ती खर्चाच्या धास्तीने पुढे ढकलावी, हे मात्र अतिशय महागात पडते.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरताना ती उघडते आणि लगेच मिटते. ती सैल पडली किंवा तुडुंब भरलेल्या जठराचा तिच्यावर दाब आला, की आम्ल वर चढते. मनुष्य बसलेला वा उभा असेपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याच्या बाजूने असते. आडवा झाला की तो आधार जातो. म्हणून रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, असे डॉक्टर सांगतात.

चौविहार पाळणाऱ्या घरांत हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. मुंबईच्या बाजारपेठांत व्यापारी आणि नोकरदारांसाठी सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय करणारी चौविहारगृहे याच गरजेतून उभी राहिली. ज्याला तेही साधत नाही, त्याने मुख्य जेवण दुपारच्या डब्यात न्यावे, सायंकाळी गाडीत बसण्यापूर्वी काही हलके खावे आणि घरी फार तर मऊ भात व मुगाचे वरण घ्यावे. परंतु सूर्यास्त गाठण्याच्या घाईत पंधरा मिनिटांत उरकलेले तुपकट जेवण आणि वर मूठभर तळलेले फरसाण यांनीही तीच जळजळ होते. जठराला पंचांग कळत नाही. उपवासाचे पारणे कडक चहा आणि तळणाने सोडणाऱ्यांचा अनुभवही फारसा वेगळा नसतो.

बाकीचे उपाय साधे आहेत. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे ठेवावेत. उशांची चळत उपयोगी नाही. तिने शरीर कंबरेत वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपावे. सुटलेले पोट कमी करावे, कमरेला घट्ट काही बांधू नये, तंबाखू सोडावी. तिखट, तळण, चहा-कॉफी, चॉकलेट यांपैकी काय बाधते ते प्रत्येकाने आठवडाभर वहीत टिपून ओळखावे. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण पुढे आम्ल पुन्हा स्रवते. पाचक म्हणून घेतला जाणारा पुदिनाही काहींच्या बाबतीत ती कडी सैल करतो. रक्तदाबाच्या रुग्णाने खाण्याच्या सोड्याची सवय लावून घेऊ नये. त्यात सोडियम भरपूर असते.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधे वाईट नाहीत. ती वापरण्याची रीत बहुधा चुकते. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असतात. एकासण्याच्या दिवशी किंवा चौविहारात गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरला मोकळेपणाने विचारावे. ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते. शाकाहारी घरांत ते आधीच तुटपुंजे असते; हातापायांना मुंग्या, थकवा, विस्मरण असल्यास त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. जुनी गोळी एकाएकी बंद केली तर आम्ल उसळते, तेव्हा ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच कमी करावी. गोळी चालू असेल तोवर जनऔषधी केंद्रांत तेच औषध मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळते.

घरगुती उपायांची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्तक्षय यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. छातीतील दुखणे हात, खांदा वा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून सोडा पिण्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

कोणते रुग्णालय, हे आधी ठाऊक असावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. ठाण्याचे सिव्हिल रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यांत येतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये असल्याने त्या निर्णयाबाहेर राहिली. तरी खासगीच्या मानाने तेथील खर्च किरकोळ असतो. पोटाच्या विकारांचा स्वतंत्र विभाग हवा असेल तर लोकलने शीवचे टिळक रुग्णालय किंवा परळचे केईएम गाठता येते.

भरती होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२४ पासून तिचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपये झाले आणि पांढरे रेशनकार्डही चालू लागले. ‘आपण काही गरीब नाही’ असे म्हणत हे कार्ड कपाटात ठेवून देणाऱ्या मध्यमवर्गीय घरांना या बदलाची वार्ता अजून पोहोचलेली दिसत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळते. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या गोळ्यांचा खर्च मात्र अशा योजनांतून सुटत नाही. कोणता उपचार बसतो, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे.

धर्मादाय रुग्णालयांचे कलम याहून कमी लोकांना माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळी ठेवावी लागते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून त्याचा जीव वाचविणे हेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. मात्र घरी जाण्याच्या दिवशी बिल हाती पडल्यावर सवलत मागणाऱ्याला बहुधा निराश व्हावे लागते. अर्ज भरतीच्या वेळीच द्यावा, त्याची पोहोच घ्यावी. दाद न लागल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. त्या अर्जासोबत लागणारा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एका दिवसात हाती पडेलच असे नाही, म्हणून तो घरातले सगळे धडधाकट असतानाच काढून, मुदत संपली की नवा करून, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रतींसह एका पिशवीत ठेवावा. ती पिशवी कोणत्या खणात आहे, हे घरातल्या स्त्रियांना आणि मुलांनाही माहीत असावे.