तुळशीवरील बुरशी आणि बाटलीतील विष

पावसाळा लांबला की घरोघरच्या तुळशीच्या पानांवर काळसर ठिपके दिसू लागतात. पाने पिवळी पडून गळतात. पाऊस ओसरल्यावर गुलाबाच्या कोवळ्या पालवीवर भुरीचा पांढरा थर चढतो. मंडळी दुकानात धाव घेतात आणि दुकानदार देईल ती बाटली आणून फवारतात. त्याच तुळशीची चार पाने दुसऱ्या दिवशी मुलाच्या काढ्यात पडतात. या विसंगतीचा विचार व्हावयास हवा.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. ठिपक्यांचा रोग रुजतो तो पानावर तासन् तास टिकणाऱ्या ओलीमुळे. अंगणातील वृंदावनास ऊन-वारा मुबलक मिळे; सदनिकेच्या गॅलरीत कुंड्या एकमेकींस खेटून उभ्या असतात. म्हणून पहिला उपचार फवारणीचा नव्हेच. रोगट पाने खुडून घराबाहेर न्यावीत, कुंड्यांत अंतर राखावे आणि तुळशीस पाणी घालण्याचा सकाळचा परिपाठ पाळताना ते पानांवर न ओतता मुळाशी घालावे.

त्यानंतर औषध. लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर कडुनिंबाचे तेल व साबणाचे चार थेंब मिसळून, आधी एका पानावर पाहून, संध्याकाळी फवारावे. पुढे काही दिवस पाने खुडू नयेत; नंतरही धुऊनच वापरावीत. भुरीवर दूधही उपयोगी पडते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ वॅग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एक भाग दुधात नऊ भाग पाणी घालून आठवड्यास केलेल्या फवारणीने भोपळावर्गीय वेलींवरील भुरी आटोक्यात आली. मात्र भुरीचे औषध ठिपक्यांवर चालेलच असे नव्हे.

जुने ते सारे निरुपद्रवी, हाही भ्रमच. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षवेलींसाठी पुढे आणलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण आमच्या कुळागरांतून पोफळींच्या कोळेरोगावर फवारले जाते. तेथे ते योग्यच. परंतु त्यातील तांबे मातीत साठत जाते. ज्या कुंडीतले पान आपण तोंडात घालतो, तेथे त्याचे काम नाही.

घरगुती उपचार रोगास थोपवितात. करपलेले पान पुन्हा हिरवे करीत नाहीत. झाड फारच ग्रासले असेल तर ते निःसंकोच उपटावे, माती बदलावी आणि निरोगी तुळशीच्या मंजिऱ्यांचे बी पेरावे. मूठभर बियांतून जी सहज उगवते, तिच्यासाठी घरात विष आणण्याचे कारण नाही.