अल्झायमरचं निदान: घरातले समज आणि दवाखान्यातली वस्तुस्थिती

'वय झालं, आता विसरायला होणारच.' अल्झायमरचं निदान उशिरा होण्यात या वाक्याचा वाटा फार मोठा आहे. वयाबरोबर आठवायला वेळ लागतो, हे खरंच. एखाद्याचं नाव पटकन सुचत नाही आणि तासाभराने आपसूक आठवतं, चष्मा कुठेतरी ठेवला जातो आणि शोधल्यावर सापडतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सकाळी झालेलं बोलणं संध्याकाळपर्यंत पार पुसलं जात असेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, आयुष्यभर चोख हिशेब ठेवणारा माणूस विजेचं बिल दोनदा भरत असेल किंवा पुरण शिजल्यावर पुढे काय करायचं हे मुरलेल्या सुगरणीला सुचत नसेल, तर तो वयाचा दोष नव्हे. भारतातल्या देशव्यापी पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की, साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख आहे. उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांना तो नाही. आणि डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला जिला तपासलं, जिच्यामुळे हा आजार जगाला कळला, ती ऑगस्टे डेटर अवघी ५१ वर्षांची होती.

दुसरा समज: 'एमआरआय काढला की कळेल.' एमआरआय लागतोच, पण आधी मेंदूत गाठ, रक्तस्राव, पाणी साचणं किंवा पक्षाघाताच्या खुणा नाहीत ना, हे पाहण्यासाठी. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला दिसला तर निदानाला बळ मिळतं, मात्र सुरुवातीच्या काळात अहवाल 'वयानुसार ठीक' असाही येऊ शकतो. खरी तपासणी गप्पांतून होते. बदल कधीपासून आहे, हळूहळू वाढला की अचानक, पैशांचे व्यवहार कोण बघतं, हे डॉक्टर घरच्यांना शक्यतो बाजूला घेऊन विचारतात. कारण रुग्णाला स्वतःचं विसरणं अनेकदा जाणवतच नाही. मग तीन-चार शब्द सांगून काही मिनिटांनी पुन्हा विचारतात. घड्याळ काढायला सांगतात: आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. निरोगी माणूस मिनिटकाटा दोनवर नेतो. आजारात काही जण तो थेट दहाच्या आकड्यावर ठेवतात, कारण 'दहा' ऐकलं पण त्याचा अर्थ लावता आला नाही. ही चाचणी रुग्णाच्या भाषेत आणि शिक्षण लक्षात घेऊनच करायला हवी. शाळेत न गेलेल्या आजीला घड्याळ काढता आलं नाही, एवढ्यावरून तिला आजारी ठरवणं हा अन्याय आहे.

'निदान होऊन उपयोग काय, औषध तर नाहीच' हे सगळ्यात नुकसान करणारं वाक्य. कारण प्रत्येक विसरणं अल्झायमरचं नसतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांमुळेही माणूस असाच विसरतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं आपल्याकडे नवीन नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकतं.

आजार अल्झायमरच निघाला, तर डोनेपेझिलसारखी औषधं काही काळ लक्षणांना आधार देतात, आजार थांबवत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबने १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालतं, महाग आहे आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

माझ्या मते लवकर निदानाचा मोठा लाभ औषधापलीकडचा आहे: माणूस स्वतःचं मत सांगू शकतो तोवर त्याला विचारता येतं. मृत्युपत्र, बँकेतलं वारसनाव, पुढे कुणाकडे राहायला आवडेल, हे सगळं. मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे झालं, असं अनेक कुटुंबांना वाटतं. पण भारतीय कायद्यात, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र संपुष्टात येतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

रक्तचाचणीबद्दल थोडक्यात. मे २०२५ मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली ती ५५ वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठी. मेंदूतले बदल लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतात, आणि ते बदल असूनही काहींना आयुष्यभर त्रास होत नाही. म्हणून 'वडिलांना होता, आता मीही चाचणी करून घेतो' ही घाई नको. एकाच जनुकातून थेट उतरणारा प्रकार अगदी विरळा.

तेव्हा आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या आणि काय, कधी घडलं ते लिहून न्या. तिथे डॉक्टरांनी आजोबांना विचारलं, तर उत्तर आजोबांनाच देऊ द्या. ते चुकतील, अडखळतील, तुमच्याकडे वळून बघतील. तरी मध्ये बोलू नका, कारण त्या अडखळण्यातून आणि वळून बघण्यातूनच डॉक्टरांना बरंच काही कळत असतं.